निनावी पालक

राधिका मृणालिनीच्या ऑफिसात शिरली तेव्हा तिच्या हातात एक फाइल होती आणि चेहऱ्यावर राग होता. रडत येणारी अशिलं मृणालिनीला नवी नव्हती, पण रागावून आलेलं अशील तिला जास्त आवडायचं. रडणाऱ्याला शांत करण्यातच पहिला अर्धा तास जातो.

ऑफिस म्हणजे रेडमंडमधल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरची एक खोली. मृणालिनीने वीस वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले, मग लायसन्स काढून खाजगी तपासनीस म्हणून स्वतःची पाटी लावली. खोलीतला दुसरा माणूस तिचा धाकटा दीर विष्णू. त्याने सोळा वर्षं एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या होत्या आणि आता तो निवृत्त होता. वहिनीची गाडी चालवायची आणि तिच्या तर्कातल्या चुका शोधायच्या, ही दोन कामं त्याने आपणहून अंगावर घेतली होती. त्यातलं पहिलं त्याला चांगलं जमायचं.

“बस,” मृणालिनी म्हणाली. “बॉथेलहून आलीस ना? या पावसात?”

“पाऊस काय, फेब्रुवारीत रोजचाच आहे,” राधिका म्हणाली. तिने फाइल टेबलावर ठेवली. “ताई, मी सहा वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसून काढली. कामाला परवानगीच नव्हती. ग्रीन कार्ड आलं त्याच महिन्यात मी घरी पाळणाघर काढायचा अर्ज केला. दोन वर्षं झाली, सहा मुलं, एक तक्रार नाही. आणि आता हे.”

फाइलमध्ये तीन कागद होते. ‘बॉथेलचा आरसा’ नावाच्या ब्लॉगवरचा इंग्रजी मजकूर तिने छापून आणला होता. प्रत्येकाखाली सही एकच: ‘एक पालक’. ब्लॉग हे प्रकरण तेव्हा नवंच होतं. दहा मिनिटांत कुणालाही छापखाना उघडता यायचा आणि मालकाचं नाव सांगायची सक्ती नव्हती.

मृणालिनीने वाचायला सुरुवात केली. पहिल्या कागदात म्हटलं होतं की मुलांनी दुपारी गप्प झोपावं म्हणून राधिका त्यांच्या दुधात जायफळ उगाळून घालते. दुसऱ्यात, ती मुलांना टीव्हीपुढे बसवून तासन्‌तास फोनवर बोलते. तिसरा मजकूर गेल्या शनिवारचा होता, आणि तो तिने मोठ्याने वाचला.

“‘कालच, शुक्रवारी दुपारी एक वाजता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाईंचं संकष्टीच्या उपासाचे साबुदाणेवडे तळणं चाललं होतं आणि मागच्या खोलीत झोपायला टाकलेली मुलं रडत होती.’”

“जायफळाचं वाचून कुणीतरी राज्याच्या लायसन्स खात्याकडे तक्रार केली,” राधिका म्हणाली. “तिथली बाई आली. माझ्या मसाल्याच्या डब्यात एक जायफळ सापडलं. तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं, चोरीचा माल सापडावा तसं! मी म्हटलं, अहो, आम्ही ते श्रीखंडात घालतो. शेवटी पत्र आलं, तक्रारीत तथ्य नाही म्हणून. पण ते पत्र माझ्या फाइलमध्ये आणि हा ब्लॉग सगळ्या जगासमोर.”

“मुलं?”

“दोन काढून घेतली याच आठवड्यात. उरलेले चार पालक म्हणतात, रविवारी सांगतो. रविवारी महाराष्ट्र मंडळाची सभा आहे. मंडळाच्या माहितीपुस्तिकेतून माझं नाव काढायचं का, हा तिथला विषय.” तिचा आवाज चढला. “आणि सगळे मला काय सांगतात माहितेय? दुर्लक्ष कर. मंडळाच्या अध्यक्ष सुवर्णाकाकू, त्यासुद्धा हेच. उत्तर देऊ नकोस बाई, आपोआप विरेल. का विरेल? माझं नाव घालवलंय त्याने. मला ते परत हवंय, आणि रविवारच्या आत हवंय.”

विष्णू पुढे सरसावला. “सोपं आहे. आयपी अॅड्रेस काढायचा. कुठल्या कॉम्प्युटरवरून टाकलंय ते लगेच कळेल.”

“ब्लॉगच्या कंपनीला लिहिलं मी, विष्णूदादा. कोर्टाचा हुकूम आणा म्हणाले. वकील म्हणतो, दोन-तीन महिने.”

विष्णू खुर्चीत मागे सरकला.

“शुक्रवारी दुपारी एक वाजता तू काय करत होतीस?” मृणालिनीने विचारलं.

“घरात नव्हतेच! जानेवारीपासून दर शुक्रवारी साडेबारा ते दोन मी मुलांना लायब्ररीत नेते. दोन रस्ते सोडून आहे, चालतच. तिथे गोष्टींचा तास असतो. मुलं झोपतात ती परत आल्यावर. सहाही घरांतून त्यासाठी सही घेतलीय.”

“आणि उपास?”

“मी संकष्टी करते, ते खरंय. पण उपास गुरुवारी होता, शुक्रवारी नाही.”

“मागची खोली?”

“आधी मुलं पुढच्या खोलीत झोपायची. ऑक्टोबरात मागची खोली रंगवली, तेव्हापासून मागे.”

“म्हणजे सगळंच खोटं,” विष्णू म्हणाला. “घर रिकामं, उपास नाही, वडे नाहीत. त्याच्यात शोधायचं काय?”

“विष्णू, वीस वर्षांत मी एकही असा खोटारडा पाहिला नाही ज्याने सगळंच खोटं सांगितलं,” मृणालिनी म्हणाली. “लबाडी ठरवून केलेली असते. पण ती टिकवायला आजूबाजूला जे रचतात, ते त्यांना स्वतःला खरं वाटत असतं.” ती राधिकाकडे वळली. “तुझ्यावर राग कुणाचा?”

राधिकाने दोन नावं सांगितली. एक मंजुषा, तीही बॉथेलमध्येच पाळणाघर चालवते. गेलेल्या दोघांपैकी एक मूल तिच्याकडे गेलं. दुसरा केदार. लागोपाठ तीनदा मुलीला न्यायला तास तास उशिरा आला म्हणून राधिकाने त्याला बोल लावला, तेव्हा त्याने तिला एक जळजळीत ईमेल लिहून मुलगी काढून घेतली. ही गोष्ट ऑगस्टमधली.

“पालकांशिवाय घरात कोण येतं?”

“कुणी नाही. म्हणजे बुधवारी सुवर्णाकाकू येतात. त्यांचा नातू ईशान माझ्याकडे असतो सप्टेंबरपासून. त्यांची सून कांचन बुधवारी ऑफिसात अडकते, म्हणून त्या त्याला साडेपाचला नेतात.”

“छान. मंडळाच्या अध्यक्षांना मला तसंही भेटायचंच आहे.”

*

मंजुषाकडे ती दोघं गुरुवारी दुपारी गेली. मुलं झोपली होती आणि मंजुषा स्वयंपाकघरात कुजबुजत बोलत होती. विष्णूपुढे तिने न विचारताच साबुदाण्याच्या खिचडीची बशी ठेवली.

“माझा एकादशीचा उपास आहे, त्यामुळे घरात हेच,” ती म्हणाली. फ्रिजच्या दारावर देवळातून मिळणारं तिथ्यांचं पत्रक चुंबकाने लावलेलं होतं. “विचारा काय विचारायचं ते. राधिकाकडचं एक मूल माझ्याकडे आलं, हे मी नाकारत नाही. फायदाच झाला माझा.”

“मग संशय तुमच्यावर येणारच,” विष्णू खिचडी खात म्हणाला. ज्याचं खायचं त्यालाच असं बोलायची त्याला सवय होती.

“येऊ दे ना! पण मला झोप लागत नाही त्या ब्लॉगमुळे. आज तिच्याबद्दल लिहिलं, उद्या माझ्याबद्दल लिहील. माझ्या डब्यात काय जायफळ नाहीये?” मंजुषाने आवाज आणखी खाली आणला. “आणि लिहिणाऱ्याला लाज नाही. गेल्या शुक्रवारी आम्ही दोघी लायब्ररीत होतो. दर शुक्रवारी भेटतो तिथे. ती धाकट्याचा डायपर बदलत होती, म्हणून ईशानला टॉयलेटला मीच नेलं.”

“हे तुम्ही पालकांना का नाही सांगितलंत?”

मंजुषाने ओट्यावरचं फडकं उचललं आणि उगाच पुन्हा घडी घातली. “कोण कशाला मध्ये पडतो? सगळे गप्प होते, मीही गप्प बसले. चुकलंच माझं.”

केदार संध्याकाळी सहाला ऑफिसातून आला आणि दारातच म्हणाला, “मला माहितीय तुम्ही का आलात. ये मैंने नहीं किया, यार.”

त्याच्या डायनिंग टेबलावर पिझ्झाचा खोका उघडा पडला होता. विष्णूने तिथेही मान राखला.

“तुम्ही राधिकाला ईमेल लिहिली होती,” मृणालिनी म्हणाली.

“लिहिली ना. ‘तुम्ही पाळणाघर चालवता की आर्मी’ असं लिहिलं. रूड होतं, अॅडमिट करतो. पण ताई, खाली माझं नाव होतं. नाव, फोन नंबर, सगळं. मला कोणाला शिव्या द्यायच्या असल्या तर मी साइन करून देतो.”

“ब्लॉग वाचलात?”

“ऑफिसात कोणीतरी फॉरवर्ड केला. अर्धं कळलंच नाही. दुधात जायफळ? जायफळ तर इथले लोक पायमध्ये घालतात. आणि ती संकष्टी म्हणजे काय, उपासच ना? आमच्या घरी नागपूरला आजोबांपासून कोणी देवच मानत नाही.”

“तुमची मुलगी तिथे झोपायची कुठे?”

“पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. का?”

“सहज विचारलं,” मृणालिनी म्हणाली आणि उठली.

गाडीत विष्णूने आपला निकाल जाहीर केला. मंजुषा फारच गोड बोलत होती, त्यामुळे तीच. वायपरच्या फटकाऱ्यांतून रस्ता पाहताना मृणालिनी एवढंच म्हणाली, “उद्या सुवर्णाताईंकडे. सकाळी नऊला.”

*

सुवर्णाकाकूंना सगळं मंडळ काकू म्हणायचं. नवऱ्याच्या डॉक्टरीपायी त्या पस्तीस वर्षांपूर्वी इथे आल्या, तेव्हा गावात मराठी घरं तीन होती. मंडळ त्यांनी काढलं, गणपती त्यांनी बसवला, आणि दर महिन्याचं ईमेलवरचं वार्तापत्रही अजून त्याच लिहीत. नवरा गेल्यावर त्या एकट्याच मोठ्या घरात राहत. मुलगा आणि सून दहा मिनिटांवर होते.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तेव्हा त्यांच्या कानाला फोन होता. “ठेवते गं, पाहुणे आलेत. तू झोप आता,” असं म्हणून त्यांनी तो ठेवला. “माझी बहीण, सांगलीची. उपासाच्या दिवशी तिला फोन करायचा हा नेमच आहे माझा. आधी पत्र लिहायची, आई असल्यापासून. तेव्हा इथे कुठलं देऊळ नि कुठलं काय. आई पत्रात कळवेल ते धरायचं.”

“मग आम्ही अडचणीच्या दिवशी आलो,” मृणालिनी म्हणाली.

“छे गं. फक्त खिचडीवर भागवा म्हणजे झालं.”

साबुदाण्याची खिचडी आली आणि बरोबर कॉफी आली. विष्णूचा चेहरा उजळला. लागोपाठ दोन दिवस खिचडी मिळणं हा तो या धंद्याचा मोबदलाच समजत होता. कॉफीत जायफळाचा दरवळ होता.

“जायफळ जरा जास्तच पडलं,” काकू म्हणाल्या. “सवय आहे हाताला. झोप छान लागते त्याने.”

बैठकीच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती. दार उघडं होतं. आत लहान मुलाचा पलंग, चादर ताणून घातलेली, फळीवर गाड्या रांगेत लावलेल्या. एकाही गाडीला हात लागलेला दिसत नव्हता.

“ईशानची खोली?” मृणालिनीने विचारलं.

“हो. दिवसभर रिकामी असते.” काकूंनी कप बशीत ठेवला. “मीही दिवसभर घरीच असते. पण आजकालच्या मुलींना पैसे देऊन परक्या बाईकडे मूल ठेवायचं असतं. जाऊ दे.”

“राधिका कशी वाटते तुम्हाला?”

“मुलगी वाईट नाही. पण आगीशिवाय धूर निघत नाही ना? रोज एकच्या ठोक्याला सगळी मुलं झोपतात तिच्याकडे. सहाच्या सहा! हे काय नैसर्गिक आहे? मी चार नातेवाइकांची मुलं वाढवलीत. मी तिला सांगितलं, उत्तर देऊ नकोस, काही दिवस बंद ठेव, शांत होऊ दे लोकांना.”

“बंद ठेव म्हणालात?”

“तिच्याच भल्यासाठी.”

गाडीत बसल्यावर विष्णूला डुलकी लागली, म्हणून मृणालिनीने गाडी चालवली. ऑफिसात पोचताच तिने कांचनला फोन लावला.

“राधिकाच्या आधी ईशान कुणाकडे असायचा?”

“आईंकडे. माझ्या सासूबाईंकडे,” कांचन म्हणाली. “ऑगस्ट एंडपर्यंत.”

“का बदललंत?”

“ते घरातलं आहे,” कांचन म्हणाली. “आम्ही ते बाहेर बोलत नाही.”

“रविवारी सभेला ये,” मृणालिनी म्हणाली. “बोलायचं की नाही ते तिथे ठरव.”

*

रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या छोट्या हॉलमध्ये खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. चार घरांचे पालक होते, मंजुषा होती, केदारही आला होता. ‘माझ्या नावावर संशय आहे, तर मी असणारच,’ असं म्हणाला. काकू अध्यक्षांच्या खुर्चीत. एका टेबलावर मंडळाचा लॅपटॉप होता आणि भिंतीवर प्रोजेक्टरने ‘बॉथेलचा आरसा’ उघडलेला. ते विष्णूचं काम.

“हे असं भिंतीवर कशाला?” काकू म्हणाल्या. “चर्चा करू, नाव काढायचं की ठेवायचं ते ठरवू, संपवू.”

“नावावरच बोलू,” मृणालिनी म्हणाली आणि उभी राहिली. “या तिसऱ्या मजकुराखाली ‘एक पालक’ अशी सही आहे. ती ज्याची आहे तो या खोलीत आहे.”

खुर्च्या करकरल्या. राधिका दाराजवळ हाताची घडी घालून उभी होती.

“यात तीन गोष्टी आहेत. पहिली, मागची खोली. मुलं मागे झोपतात ती ऑक्टोबरपासून. केदारची मुलगी ऑगस्टमध्ये निघाली. ती कुठे झोपायची विचारल्यावर तो लगेच म्हणाला, पुढच्या खोलीत. त्याच्या डोक्यात ते घर अजून उन्हाळ्यातलंच आहे.”

“थँक यू,” केदार म्हणाला.

“म्हणजे लिहिणारा ऑक्टोबरनंतर त्या घरात गेलेला आहे. दुसरी गोष्ट, शुक्रवारी दुपारी एक. त्या वेळी तिथे चिटपाखरू नव्हतं. जानेवारीपासून दर शुक्रवारी मुलं त्या वेळी लायब्ररीत असतात. मंजुषा हे जाणते, ती तिथेच असते. तिला खोटं लिहायचं असतं तर तिने दुसरा कुठलाही वार घेतला असता.”

“हे मी आधीच सांगायला हवं होतं,” मंजुषा सगळ्यांकडे पाहून म्हणाली. “मी त्या शुक्रवारी हिच्याबरोबर होते. मुलं हसत होती, रडत नव्हती.”

“पालकही जाणतात. सहा घरांनी सह्या दिल्या आहेत. म्हणजे सही ‘पालक’ अशी असली तरी हा पालक त्या सहांतला नाही. घराची आतली माहिती आहे, पण शुक्रवारची नाही. असा माणूस एखाद्या दुसऱ्याच वारी तिथे येतो.”

विष्णू आता सरळ बसला होता. दोन खिचड्यांचं काहीतरी त्याच्या डोक्यात शिरत होतं.

“तिसरी गोष्ट उपास. राधिका संकष्टी करते, पण तिचा उपास गुरुवारी झाला होता. मग लिहिणाऱ्याने शुक्रवारी संकष्टी कुठून आणली? हवेतून नाही. त्याच्या घरी शुक्रवारीच संकष्टी होती.” मृणालिनी म्हणाली. “आपल्याकडची तिथी चंद्रावर चालते आणि इथलं घड्याळ भारताच्या अर्धा दिवस मागे. त्यामुळे कधीकधी तिथली तिथी इथे एक दिवस आधीच येते. देवळाचं पत्रक इथला हिशेब धरतं. राधिका ते पाळते, मंजुषा ते पाळते. भारतातल्या घरच्या तारखा धरणारा माणूस एक दिवस मागून उपास करतो.”

“एकादशी!” विष्णू ओरडला. “गुरुवारी मंजुषाकडे खिचडी, शुक्रवारी काकूंकडे खिचडी. एकादशी एकच, आणि मी ती दोनदा खाल्ली!”

कुणी हसलं नाही. सगळ्यांची तोंडं अध्यक्षांच्या खुर्चीकडे वळली होती.

“सांगलीच्या बहिणीबरोबर उपास धरणाऱ्या सुवर्णाताई,” मृणालिनी म्हणाली. “बुधवारी राधिकाकडे जाणाऱ्या, शुक्रवारचं माहीत नसलेल्या. परवा तुम्ही मला म्हणालात, रोज एकच्या ठोक्याला मुलं झोपतात. शुक्रवारी दोननंतर झोपतात, हे तुमच्या घरात फक्त सूनबाईंना ठाऊक होतं. सही त्यांनी केली.”

काकूंनी पदर सारखा केला. “तिथीवरून तू मला गुन्हेगार ठरवणार? इथे पन्नास घरांत भारताचं कॅलेंडर आहे.”

“पन्नास घरांत आहे. त्यातली किती माणसं राधिकाच्या मागच्या खोलीपर्यंत गेलीत?”

“आणि मला काय गरज? माझा नातू तिच्याकडे जातो!”

“तीच गरज,” मृणालिनी म्हणाली. “ती खोली मी पाहिली. पाळणाघर बंद पडलं तर ईशान परत त्या खोलीत येईल. तुम्ही राधिकाला सांगितलंतही, काही दिवस बंद ठेव.”

“हा सगळा तुझा तर्क आहे.”

“हो. तर्कच आहे. कोर्टाचा हुकूम दोन महिन्यांनी येईल आणि ब्लॉगची कंपनी कॉम्प्युटरचा पत्ता देईल. तोपर्यंत थांबू या म्हणालात तर थांबू.”

तेवढ्यात कांचन उभी राहिली. ती नखं खात आली होती, पण आवाज स्पष्ट होता. “आई, थांबायचं नाहीये. जायफळ तुम्ही द्यायचात. ईशान दुपारी उठायचाच नाही, डॉक्टरांनी मला ओरडून विचारलं काय देता म्हणून. मी ते घरात ठेवलं, तुमचा मान राहावा म्हणून. कुणाला एक शब्द बोलले नाही.” तिचे डोळे भरून आले. “आणि तुम्ही तेच, अगदी तेच, राधिकाच्या अंगावर टाकलंत.”

आता सुवर्णाकाकूंनी मान खाली घातली. त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मृणालिनीला त्यांची दया आली असती, पण दाराशी उभ्या असलेल्या बाईने सहा वर्षं वाट पाहून उभं केलेलं घर त्यांनी एका बोटाने टाइप करून पाडायला घेतलं होतं, हे तिला विसरता येत नव्हतं.

“मी खोटं नाव नाही घेतलं,” काकू हळू म्हणाल्या. “आजी काय पालक नसते? माझ्या आईने मला तेच दिलं, मी माझ्या मुलाला तेच दिलं. तो डॉक्टर झाला ना? आणि एका दिवसात मी परकी. पस्तीस वर्षं सगळ्यांची काकू होते मी, आणि माझ्या नातवाला मी विषारी.” त्यांनी डोळे पुसले आणि लॅपटॉपकडे हात केला. “आण ते इकडे. मी पुसून टाकते सगळं. आत्ताच्या आत्ता. कुणाला कळायला नको, विषय संपला.”

दोन-तीन पालकांनी माना डोलावल्या. मंडळाची अब्रू, वयाने मोठी बाई, झालं गेलं. एकजण म्हणालाही, “हे बरं. डिलीट करून टाका काकू.”

“नाही,” राधिका म्हणाली.

ती दारापासून टेबलापर्यंत आली. “डिलीट नाही करायचं. डिलीट केलं की लोकांनी वाचलेलं तसंच राहणार आणि तुम्ही मात्र मोकळ्या. माझ्याबद्दल लिहिलंत तेव्हा सगळ्या जगाला सांगितलंत. आता खोटं होतं हेही तिथेच सांगा. तीनही मजकुरांखाली. आणि त्याखाली तुमचं नाव. पूर्ण नाव.”

“राधिका, वयाकडे तरी बघ,” तो पालक म्हणाला.

“तुम्ही गेला महिनाभर माझ्याकडे बघत होतात ना? दोन मुलं गेली तेव्हा कुणी माझं वय विचारलं नाही,” राधिका त्याला म्हणाली. “उद्या सकाळी साडेसातला माझं दार उघडणार आहे. चार मुलं आली तर चार, एक आलं तर एक. ज्यांना आणायचं नाही त्यांनी मला फोन करून सांगा, स्वतःचं नाव सांगून. पुस्तिकेत माझं नाव राहील. त्यावर मत घेण्यासारखं काही नाही.”

मत घ्यावं असं कुणी म्हणालं नाही. केदारने टाळी वाजवायला हात उचलले आणि आजूबाजूला पाहून खाली घेतले. मग पुन्हा उचलले आणि वाजवलीच.

विष्णूने लॅपटॉप काकूंपुढे सरकवला. काकूंनी बराच वेळ भिंतीवरच्या स्वतःच्याच शब्दांकडे पाहिलं. मग त्या राधिकाकडे वळल्या. अध्यक्षांचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“बुधवारी,” त्या म्हणाल्या, “ईशानला घ्यायला मी येऊ ना गं?”

राधिकाने कांचनकडे पाहिलं. कांचनने डोळे मिटून मान डोलावली.

“या,” राधिका म्हणाली. “साडेपाचला. दार मी उघडीन. पण आधी नाव.”

काकूंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागल्या. राधिकाने एक खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत उठली नाही.